'एर' म्हणजे पाणी

जर्मनचा क्लास आहे, जपानीचा आहे, अगदी मॅसेडोनियन शिकायलाही पुस्तक आहे. पण स्वतःच्या आजीची भाषा शिकायची असेल तर?

आमच्या टीममधली एक मैत्रीण मॅसेडोनियन शिकत होती. दचकलात ना? मीही दचकले होते. त्याचं झालं असं की, कंपनीच्या एका प्रोजेक्टवर तिची स्कोप्येच्या एका मुलाशी ओळख झाली, ओळखीचं पुढे जे व्हायचं ते झालं आणि लग्न ठरलं. नवरा इंग्रजी फाडफाड बोलायचा. पण सासूबाई? त्यांना मॅसेडोनियनशिवाय काही येत नव्हतं. 'सासूशी खाणाखुणा करत किती दिवस काढणार?' असं म्हणत बाईसाहेबांनी लंच ब्रेकमध्ये शोध सुरू केला. डबा खात खात आम्ही बाकीच्या तिला मदत करायचो.

आणि खरं सांगते, सापडलंही भरपूर. क्रिस्टिना क्रेमर या बाईंनी इंग्रजीतून लिहिलेलं जाडजूड पाठ्यपुस्तक मिळालं. ओह्रिड नावाच्या तळ्याकाठच्या गावात तिथलं विद्यापीठ १९६८ पासून परदेशी लोकांसाठी उन्हाळी वर्ग घेतं, हे कळलं. व्हिडिओ कॉलवर शिकवणारे मास्तर मिळाले. तीन आठवड्यांत तिच्या लॅपटॉपवर एक फोल्डर तयार! २०२१ च्या जनगणनेप्रमाणे त्या आख्ख्या देशाची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. म्हणजे २०११ च्या पुणे शहरापेक्षाही कितीतरी कमी.

एकदा असंच डबा खाताना तिने मला विचारलं, "तुझं काय गं? तुमच्या घरी कोणती भाषा बोलतात?"

"मराठी," मी म्हटलं. नेहमीच म्हणते. आडनाव ऐकून कुणी पुढे विचारलंच तर "चंद्रपूर साइडची" एवढं सांगून विषय संपवते.

हे उत्तर खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. ते मला त्याच वर्षी, २०२३ च्या दिवाळीत, रात्री एक वाजता कळलं.

ती रात्र

आजीला लकवा मारला होता. गावाहून गाडी करून तिला आणलं, दवाखान्यात भरती केलं. मी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पोचले. बाबा दोन रात्री जागे होते, म्हणून तिसऱ्या रात्री त्यांना बळेच घरी पाठवलं आणि मी आजीजवळ बसले.

एकच्या सुमाराला तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाली, "एर."

"काय आजी? कुणाला बोलावतेस?"

"एर... एर."

मी उशी सरळ केली. पांघरूण काढलं, परत घातलं. मोबाइलवर बाबांचा फोटो दाखवला. ती मान हलवायची आणि पुन्हा तेच. सिस्टरला बोलावलं तर ती म्हणाली, "अशा पेशंटना भ्रम होतो, काहीही बडबडतात. डोळा लागेल थोड्या वेळाने." तिचा तरी काय दोष? मलाही तसंच वाटलं होतं. मी आजीचा हात धरून बसले. जवळजवळ तासभर ती बोलत राहिली आणि मी तिला "हो आजी, हो" म्हणत राहिले.

पहाटे फरशी पुसायला एक मावशी आल्या. पोछा मारता मारता थांबल्या, कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "पाणी मागून राह्यली ना थे!"

सिस्टरला विचारून चमच्याचमच्याने पाणी पाजलं. आजी शांत झोपली. मावशी एटापल्लीकडच्या होत्या. जाताना त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "तुमची आजी ना? मंग तुमाले येत नाही?"

आजवर पाच इंटरव्ह्यू दिलेत मी. एकाही प्रश्नाला इतकी गप्प झाले नव्हते.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाला मेंदूचा झटका आला की दोन्ही भाषांचं सारखंच नुकसान होतं असं नाही. कधी एक जाते, एक राहते. आजी मराठी शिकली ती मोठेपणी, बाजारात, एसटी स्टँडवर आणि आमच्या क्वार्टरमध्ये. ती मराठी गेली. जन्माची गोंडी तेवढी राहिली. आणि मला गोंडीतला 'पाणी' हा शब्दही माहीत नव्हता.

घरातलं कुलूप

आता तुम्ही म्हणाल, वडिलांना येत असेल की! येतेच. तीच तर गंमत आहे.

बाबांचा जन्म चांदा जिल्ह्यातला. गाव धानोऱ्याकडचं. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि गाव जागचं न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. बाबा मात्र हलले. निवासी शाळा, मग कॉलेज, मग चंद्रपूरच्या वीज केंद्रात नोकरी. मी वाढले ऊर्जानगरच्या कॉलनीत. ट्यूशनला जाताना रोज जटपुरा गेटमधून सायकल काढायची. ती वेस, तो परकोट गोंड राजांनी बांधलेला, हे इतिहासाच्या पुस्तकात वाचलं, पेपरात लिहिलं, मार्कही मिळवले. पण त्या राजांची भाषा आपल्याच स्वयंपाकघरात बोलली जाते, हे डोक्यात कधी जुळलंच नाही.

आजी आमच्याकडे राहायला आली की ती आणि बाबा रात्री हळू आवाजात काहीतरी बोलायचे. शेजारचे काका आले की बोलणं बंद. मला वाटायचं, मोठ्यांची गुपितं असतील.

गुपित वगैरे काही नव्हतं. शाळेत असताना वर्गात गोंडी बोलले म्हणून बाबांना उन्हात उभं केलं होतं. एकदा नाही, बऱ्याचदा. मुलं हसायची. तेव्हाच त्यांनी ठरवलं की आपल्या पोरांना हे नको. माझी मराठी शुद्ध व्हावी म्हणून ते माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि स्वतः मित्रांत गेले की झाडी बोलीत!

दवाखान्यातून आल्यावर मी म्हटलं, "बाबा, मला शिकवा."

"कायले पाहिजे आता तुले थे?" ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "त्यापेक्षा जर्मन शीक. ऑनसाइटले जाशीन."

शोधा म्हणजे सापडेल?

मग मीही लंच ब्रेकमधला शोध सुरू केला. मैत्रिणीच्या फोल्डरशेजारी माझं फोल्डर. नाव दिलं 'आजी'.

पहिला धक्का आकड्यांचा. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे लोक होते २९ लाख ८४ हजार. म्हणजे उत्तर मॅसेडोनियाच्या सगळ्या लोकसंख्येपेक्षा अकरा लाखांनी जास्त! तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत गोंडीचं नाव नाही. फोनमधल्या लोकप्रिय लँग्वेज अ‍ॅपच्या यादीतही नाही. अप्पा बळवंत चौकात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "गोंडी? स्पर्धा परीक्षेला लागतं का ते?"

दुसरा धक्का उलटा होता. पुस्तकं नाहीत असं नाही, आहेत! फक्त ती आपल्यासाठी लिहिलेली नाहीत. नागपूरच्या ज्या हिस्लॉप कॉलेजचं नाव आपण ऐकतो, त्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने गोंडांचं लिंगोचं गीत उतरवून घेतलं होतं. तो १८६३ मध्ये बुडून वारला आणि त्याचे कागद रिचर्ड टेम्पलने १८६६ मध्ये छापले. १९०६ मध्ये ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा चौथा खंड आला, त्यात गोंडी आहे. १९१९ मध्ये ट्रेंच नावाच्या अधिकाऱ्याने बैतूलकडच्या गोंडीचं व्याकरण लिहिलं. पुढे पी. एस. सुब्रह्मण्यम यांचं १९६८ चं अण्णामलै विद्यापीठाचं व्याकरण. सगळं इंग्रजीत, गोंडी शब्द रोमन लिपीत, वर-खाली टिंबं आणि रेघा. साहेबाला कारभार करायला किंवा प्राध्यापकाला अभ्यास करायला हे उत्तम. रात्री एक वाजता आजीला काय हवंय ते कळायला? छे!

ग्रिअर्सनची एक गोष्ट मात्र आवडली. सगळ्या भाषांची तुलना करता यावी म्हणून त्याने प्रत्येक भाषेत एकच गोष्ट सांगायला लावली होती, बायबलमधली उधळ्या मुलाची. घर सोडून गेलेला मुलगा, शेवटी परत येतो ती. ते पान मी बुकमार्क करून ठेवलं.

मग हळूहळू जवळची माणसं सापडू लागली. १९४० च्या दशकात निजामाच्या राज्यात, आमच्या चांद्याला लागून असलेल्या आदिलाबादेत, हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने गोंड मुलांसाठी शाळा सुरू करवल्या. त्यासाठी गोंडीत वाचनपुस्तकं तयार झाली आणि तीही देवनागरीत! कारण तिथल्या गोंडांना उर्दूपेक्षा मराठीची सवय. म्हणजे माझ्या अडचणीवरचं उत्तर कुणीतरी ऐंशी वर्षांपूर्वी शोधून ठेवलं होतं. नागपूरचे मोतीरावण कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता आयुष्यभर गोंडी भाषा आणि संस्कृतीवर लिहीत राहिले. २०१५ मध्ये ते वारले. नऊ ते सहाची नोकरी करून कुणी हे करतो, हे वाचून मला स्वतःच्या 'वेळच मिळत नाही'ची जरा लाज वाटली.

लिपीचीही वेगळीच कहाणी. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी बनवली. तेलंगणातल्या गुंजाळा गावात दुसऱ्याच एका लिपीतली जुनी हस्तलिखितं मिळाली. २०१७ आणि २०१८ मध्ये या दोन्ही लिपी युनिकोडमध्ये आल्या. म्हणजे आता फोनवरसुद्धा गोंडी तिच्या लिपीत लिहिता येते. मी मात्र ठरवलं, आधी कानाने शिकायचं, लिपी मग.

शेजारच्या क्युबिकलमधला नातेवाईक

पहिला धडा आकड्यांचा. उंदी, रेंड, मुंड, नालुंग. एक, दोन, तीन, चार. मी डेस्कवर पुटपुटत होते तर शेजारचा वरंगळचा मुलगा वळून म्हणाला, "अरे, तेलुगू कब से सीख रही हो?" त्याच्याकडे रेंडु, मूडु, नालुगु!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गोंडी ही मराठीची बोली नाही, हिंदीची तर नाहीच. ती द्रविड कुळातली, तेलुगूच्या घराण्यातली. आपण मराठीवाले गोंडी ऐकून अंदाज बांधायला गेलो की फसतो. साधं लिंग घ्या. मराठीत तो, ती, ते. गोंडीत पुरुष एका गटात आणि बाकी सगळे दुसऱ्या गटात. बायका, म्हशी, झाडं, दगड, सगळं एकत्र! टीममधल्या मुलींना सांगितलं तर निषेध सभा भरली.

पण एक गंमत आपल्याही बाजूने आहे. मराठीत आपण 'आम्ही' आणि 'आपण' असा फरक करतो. 'आम्ही जातो' म्हटलं की समोरचा त्यात नाही, 'आपण जाऊ' म्हटलं की तोही आला. हिंदीत नुसतं 'हम'. हा फरक मराठीत द्रविड भाषांच्या शेजारामुळे आला असावा, असं अभ्यासक मानतात. म्हणजे गोंडीच्या बहिणी आपल्या तोंडात आधीच बसल्यात, आपण फक्त ओळख दाखवत नाही.

सोवर की होवर?

तीन महिने घासून मी चाळीसेक शब्द पाठ केले. पाठांतरावर भलताच विश्वास बसला होता. २०२४ च्या मार्चमध्ये होळीला गावी गेले. आजी आता काकाकडे होती. उजवा हात अजून लुळा, पण डोळ्यांत जान आलेली. जेवायला बसलो, वहिनीने भात वाढला. मी घसा साफ केला आणि ऐटीत म्हटलं, "सोवर."

शांतता. मग काकाचा धाकटा खो खो हसत सुटला. वहिनीने पदर तोंडाला लावला. आजी मात्र हसली नाही. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि सावकाश, लहान पोराला सांगावं तसं म्हणाली, "होवर."

मीठ! मी शिकले होते ते उत्तरेकडच्या, मध्य प्रदेशाच्या बाजूच्या गोंडीतलं. तिकडे मिठाला 'सोवर'. थोडं पुढे आलं की 'स'चा 'ह' होतो, होवर. आणखी दक्षिणेला गेलं की 'ह'सुद्धा गळतो, नुसतं ओवर. भाषाशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण प्रसिद्ध आहे. आपल्याकडे सुरतकडचे गुजराती लोक 'सारू'ला 'हारू' म्हणतात ना, तसंच. मी हे नंतर वाचलं. त्या दिवशी मात्र आख्ख्या पंगतीपुढे कान लाल झाले.

इथेच या भाषेची खरी अडचण कळते. गोंडी पसरलीय महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा कितीतरी राज्यांत. प्रत्येक ठिकाणी शाळेची भाषा वेगळी, कुठे मराठी, कुठे हिंदी, कुठे तेलुगू. भामरागडकडची माडिया तर इतकी वेगळी की तिला स्वतंत्र भाषा मानणारेही आहेत. मग 'गोंडी शिका' असं पुस्तक काढायचं तर कोणती गोंडी?

माझ्या मैत्रिणीच्या मॅसेडोनियनचंही एकेकाळी हेच होतं बरं का. गावोगावची बोली वेगळी, आणि शेजारी म्हणायचे की ही भाषाच नव्हे. १९४५ मध्ये तिथे समिती बसली, वर्णमाला ठरली, व्याकरण ठरलं. आज जे पाठ्यपुस्तक तिला तीन आठवड्यांत मिळतं, त्याच्यामागे हे आहे. पाठीशी सरकार असेल तर भाषेला पुस्तक मिळतं.

गोंडीतही हे काम सुरू झालंय, पण लोकांनी लोकांच्या बळावर. सीजीनेट स्वर या छत्तीसगडमधल्या गटाच्या पुढाकाराने २०१४ पासून वेगवेगळ्या राज्यांतले गोंडी बोलणारे एकत्र बसले. एकेका वस्तूला कोण काय म्हणतं यावर वाद घातले आणि २०१८ मध्ये हंपीच्या कन्नड विद्यापीठात देवनागरीतला मानक शब्दकोश प्रसिद्ध झाला. आमच्याच धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. बाबांना ज्या भाषेसाठी उन्हात उभं केलं, त्याच भाषेत तिथे पोरं पाढे म्हणतात. हे मी बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण पेपर खाली ठेवला.

वहिनीचा क्लास

'होवर' प्रकरणानंतर मी पुस्तकं बाजूला ठेवली. भामरागड तालुक्यात हेमलकशाला १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. रोग्याला काय होतंय ते कळायला हवं आणि माडियाचं पुस्तक तर नाही. मग माणसांकडूनच, बोलता बोलता ते शिकले. मीही तेच करायचं ठरवलं. फरक एवढाच की माझ्या हातात व्हॉट्सअ‍ॅप होतं.

वहिनी रोज रात्री भांडी घासून झाली की मला तीन-चार व्हॉइस मेसेज टाकायची. तिच्या गावच्या टॉवरला रेंज आली की सगळे एकदम यायचे, टुंग टुंग टुंग. आज चुलीजवळच्या वस्तू. उद्या अंगाचे अवयव. दुखतंय, भूक लागली, थंडी वाजते, झोप येते. माझी अट एकच होती, आधी आजीला लागणारे शब्द. गाव म्हणजे नार, हे मला पुस्तकातून कळलं होतं. पण 'कूस बदलून दे' हे कोणत्या व्याकरणात मिळणार? मी तोच मेसेज दहादा ऐकायची आणि परत बोलून पाठवायची. पलीकडून आधी वहिनीचं हसू यायचं, मग दुरुस्ती.

आणि एक दिवस व्हॉइस मेसेजमध्ये वहिनीच्या मागून दुसरा आवाज आला. आजीचा. ती मलाच काहीतरी सांगत होती, लांबलचक. मला त्यातले पाच-सहा शब्दच कळले. पण ती भ्रमात नव्हती, बडबडत नव्हती. व्यवस्थित रागावत होती. मी बारीक झालेय म्हणून!

तुम्हालाही शिकायचंय?

गेल्या दोन वर्षांत ऑफिसमधल्या चार जणांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'आमच्या घरीही एक भाषा आहे गं.' कुणाची कोरकू, कुणाची कोलामी, कुणाची भिली. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी, माझ्या अनुभवावरून थोडं.

पहिलं, आपलं गाव नकाशावर ठेवा आणि त्याच बाजूची बोली शोधा. नाहीतर तुमचाही सोवर होईल. दुसरं, गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड मराठीत आहे, २०१३ चा. आपली भाषा कोणत्या कुळातली, ते आधी वाचा. पुण्यात असाल तर क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथलं संग्रहालय एकदा बघाच. तिसरं, स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोंडीतली मुलांची पुस्तकं फुकट वाचता येतात. मोठ्या माणसाने चित्रांचं पुस्तक वाचायला लाजू नये. चौथं, केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये 'आदि वाणी' हे भाषांतराचं अ‍ॅप आणलं. त्यात संथाली, मुंडारी, भिलीबरोबर गोंडीही आहे, छत्तीसगडची. सुरुवात म्हणून छान, पण आजीला दाखवून खात्री करून घ्या.

आणि पाचवं, सगळ्यात महागडं साधन. घरातलं ते माणूस, ज्याला भाषा येते पण जो बोलत नाही. त्याच्याकडे शब्द मागू नका. आधी त्याने बोलणं का सोडलं ते विचारा. मी हे उशिरा विचारलं.

येरुंग

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही सगळे गावी होतो. रात्री अंगणात खाटा टाकल्या होत्या. आजी कुणाच्या तरी लग्नाचं जुनं काहीतरी सांगत होती. मी मध्येच विचारलं, "बाबा, हे सात देवांचे, सहा देवांचे म्हणजे काय?" गोंडांत कुळं देवांच्या आकड्यावरून ओळखतात आणि सारख्या देवांच्या घरात सोयरीक होत नाही, एवढं वाचून माहीत होतं.

बाबा आधी मराठीत सांगायला लागले. मग थांबले. आणि खाटेवर पडल्या पडल्या, वर बघत, बोटांवर मोजायला लागले. "उंदी, रेंड, मुंड, नालुंग..." पुस्तकात पुढे होतं सैयुंग, सारुंग. बाबा म्हणाले, "हैयुंग, हारुंग..." स गेला, ह आला! या वेळी कुणी सांगायच्या आधीच मला नियम कळला होता. आणि सातवा आम्ही दोघांनी एकदमच म्हटला, "येरुंग."

अंधारात आजी काहीतरी म्हणाली. बाबा हसले. मी विचारलं, काय म्हणाली? ते म्हणाले, "म्हणते, दोघं आता पहिलीत गेले."

खरंच पहिलीत आहे मी अजून. दोनेकशे शब्द, मोडकीतोडकी वाक्यं. कुणी भरभर बोललं की गाडी सुटते. आजीची थोडी मराठी परत आलीय, त्यामुळे आता आम्ही दोघी अर्धं अर्धं बोलतो. मैत्रिणीचं लग्न झालं. तिची सासू तिला स्वयंपाकघरात उभं करून उच्चार सुधारते म्हणे. मी म्हटलं, पुस्तक कितीही जाडजूड असो, शेवटचे धडे चुलीपाशीच.

मागच्या आठवड्यात सकाळच्या मीटिंगमध्ये फोन वाजला. बाबा. ते ऑफिसच्या वेळात कधी फोन करत नाहीत, म्हणून पोटात गोळा आला. बाहेर पळाले.

"काय झालं बाबा? आजी बरी आहे ना?"

"बरी आहे गं. मीटिंगमध्ये होतीस का?"

"हो. काय झालं?"

"काही नाही. आंघोळ करता करता एक शब्द आठवला. लहानपणी आई म्हणायची. पेन आहे का जवळ? लिहून घे, मंग विसरीन मी."